आशाताई येऊन गेल्या, पण आईची तब्येत सुधारली का?

आपल्या घरांत बाळंतीण चाळीस दिवस चिल्ल्यात असते. आरोग्य खात्याचा हिशेबही जवळपास तेवढाच आहे, ४२ दिवसांचा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

देशभर हे २०११ पासून सुरू झालं, पण मूळ आपल्या गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. तिथे नुसत्या भेटी मोजल्या नाहीत, बाळं किती वाचली ते मोजलं.

आपल्याकडे मात्र आशाताई दारात आल्या की सासूबाई म्हणतात, "सब ठीक है." रजिस्टरवर टिकमार्क होते. ती भेट झाली, प्रगती नाही.

प्रगती आकड्यात दिसते. समजा गरोदर सुनेचं हिमोग्लोबिन ८.५ आहे आणि लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. महिन्यानंतर ते किमान १ ग्रॅमने वाढायला हवं. ८.७ च आलं तर गोळ्या डब्यातच पडून आहेत, नाहीतर कारण वेगळं आहे. डॉक्टरांना दाखवावंच लागेल. डहाणू-तलासरीत सिकलसेलही आढळतो, हे विसरू नका. ७ च्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर थांबायचं नाही. बीपी १४०/९० किंवा जास्त असेल तरी थांबायचं नाही.

बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, त्याने घाबरू नये. दोन आठवड्यांच्या आसपास ते जन्माच्या वजनावर परत आलं का, हे बघावं. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी असेल तर जास्तच लक्ष.

हे सगळं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं. अडचण अशी की दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि कार्ड गावच्या पेटीत राहतं. मग नव्या ठिकाणच्या नर्सला आधीचा आकडाच कळत नाही, तुलना कशाशी करणार? आपल्यापैकी ज्यांच्या वाडीवर, भट्टीवर अशी कुटुंबं कामाला येतात, त्यांनी पहिल्याच दिवशी कार्ड विचारावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी सुट्टी द्यावी आणि पगार कापू नये.