गालांच्या हाडांतील अंतर आणि पटाशीच्या दातांची रुंदी

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील एखाद्या वृद्ध कोळणीचे सर्व दात पडले असून तिला पूर्ण कवळी बसवावयाची आहे, असे समजू. तिचे पूर्वीचे दात केवढे होते? दात गेल्यावर त्यांना धरून ठेवणारी जबड्याच्या हाडाची कड झिजत जाते. त्यामुळे जबड्यावरून उत्तर मिळणे अवघड होते. गालांच्या हाडांची रुंदी मात्र फारशी बदलत नाही. याच कारणास्तव विसाव्या शतकाच्या आरंभी बेरी यांनी मांडलेले प्रमाण आजही शिकविले जाते. दोन्ही गालांच्या हाडांमधील कमाल अंतरास १६ ने भागले असता वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची रुंदी मिळते, असे ते प्रमाण सांगते. अंतर १३६ मिलिमीटर असल्यास दात ८.५ मिलिमीटर.

हे प्रमाण सोयीचे खरे, पण काहीसे फसवेही आहे. चेहरा १२८ मिलिमीटर असो वा १४४, उत्तर ८ ते ९ मिलिमीटरच्या आतच येते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ते ढोबळमानाने जुळल्यासारखे वाटणारच. शिवाय या दाताचा शिरोभाग वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षीच हाडाच्या आत पूर्ण घडतो व नंतर वाढत नाही. चेहऱ्याची हाडे मात्र पुढे पौगंडावस्थेतही रुंदावत राहतात. दोहोंची वाढ अशी वेगवेगळ्या काळात होत असल्याने व्यक्तिपरत्वे तफावत पडते. एका समाजात काढलेली सरासरी दुसऱ्यास तशीच लावणेही योग्य नव्हे.

जुने छायाचित्र मिळाल्यास ते प्रस्तुत लेखकास अधिक विश्वसनीय वाटते. छायाचित्रात बाहुल्यांमधील अंतर १२ व दात १.७ मिलिमीटर असून प्रत्यक्षात बाहुल्यांमधील अंतर ६० भरले, तर दात ८.५ मिलिमीटरचा होता. चेहरा सरळ समोर व दात दिसणारे हवेत. लग्नातील जुन्या छायाचित्रांत ओठ बहुधा मिटलेलेच असतात, ही अडचण! अशा वेळी मुलांचे अथवा भावंडांचे दात पाहावेत, कारण दातांचा आकार बराचसा आनुवंशिक असतो. १६ चा भागाकार हा केवळ प्रारंभीचा अंदाज मानावा आणि मेणावर दात मांडून घेतल्यावर, कवळी पक्की करण्यापूर्वी, आजींना आरसा देऊन घरच्या माणसांसमक्ष त्यांचे मत विचारावे.