पुनरपराधी कोणास म्हणावे? : लैंगिक गुन्हेगारांचे मूल्यमापन व उपचार

‘पुनरपराधी’ हा शब्द कायदा व मानसशास्त्र या दोन्ही शास्त्रांत वापरला जातो. परंतु दोहोंत त्याचा अर्थ एकच असतो असे नाही. हा भेद केवळ शब्दाचा नाही. त्यावर एखाद्याचे प्राण आणि समाजाची सुरक्षितता ही दोन्ही अवलंबून असू शकतात, हे पुढील उदाहरणावरून ध्यानी येईल.

सन २०१३ च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत मुंबईतील शक्ती मिल्सच्या ओसाड आवारात सामूहिक बलात्काराचे दोन गुन्हे घडले. दुसऱ्या गुन्ह्यास वाचा फुटल्यानंतरच पहिल्याची फिर्याद दाखल झाली. तीन आरोपी दोन्ही खटल्यांत समान होते. मार्च २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही खटल्यांत त्यांना एकाच दिवशी दोषी ठरविले आणि ४ एप्रिल रोजी भारतीय दंड संहितेच्या ३७६-ई या कलमाखाली, म्हणजे पुनरपराधी म्हणून, फाशीची शिक्षा दिली. हे कलम २०१३ च्याच दुरुस्तीने संहितेत आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये ते वैध ठरविले. मात्र २५ नोव्हेंबर २०२१ रोजी फाशी रद्द करून आमरण कारावास दिला. तीच तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या ७१ व्या कलमात आहे.

कायद्याच्या दृष्टीने येथे दोन दोषसिद्धी झाल्या. मानसशास्त्राचा प्रश्न निराळा आहे : पकडले जाऊन शिक्षा झाल्यावरही या व्यक्तीने पुन्हा तोच गुन्हा केला काय? हॅन्सन व थॉर्नटन यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेली ‘स्टॅटिक-९९’ ही दहा कलमांची मापनश्रेणी याच प्रश्नावर उभी आहे. वय, अनोळखी व्यक्तीवरील अत्याचार, पूर्वीचे हिंसक गुन्हे इत्यादी बाबींस तीत गुण दिले जातात; आणि पूर्वीच्या लैंगिक गुन्ह्यांस सर्वाधिक, म्हणजे तीनपर्यंत, गुण आहेत. परंतु एक गुन्हा उघडकीस येण्यापूर्वीच दुसरा घडला असेल, तर ही श्रेणी त्या दोहोंस एकाच समूहात धरते, पुनरावृत्ती मानीत नाही. कारण शिक्षेचा अनुभव घेऊनही जो थांबत नाही, त्याच्या ठिकाणी भावी धोका अधिक असतो. यावरून गुन्ह्याचे गांभीर्य कमी होते असे मुळीच नाही. गांभीर्य व संभाव्यता ही दोन भिन्न परिमाणे आहेत, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

संभाव्यतेविषयीही सामान्य समजूत आणि संशोधन यांत अंतर आढळते. हॅन्सन व ब्युसिएर यांनी १९९८ मध्ये एकसष्ट अभ्यासांचा एकत्र विचार केला. सरासरी चार ते पाच वर्षांच्या पाठपुराव्यात लैंगिक पुनरपराधाचे प्रमाण १३.४ टक्के आढळले. नोंद न झालेले गुन्हे यात अर्थातच येत नाहीत. विकृत कामासक्ती व समाजविघातक वृत्ती हे पुनरपराधाचे महत्त्वाचे सूचक ठरले. गुन्हा नाकारणे किंवा पीडितेविषयी सहानुभूती नसणे यांचा संबंध मात्र नगण्य निघाला. म्हणजे मुलाखतीत दिसणाऱ्या पश्चात्तापावरून भविष्याविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे.

उपचारांच्या बाबतीतही सदिच्छा पुरेशी होत नाही. इंग्लंड-वेल्समधील तुरुंगांत अनेक वर्षे चाललेल्या गटोपचाराचे मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घेतलेल्यांत लैंगिक पुनरपराध १० टक्के, तर न घेतलेल्यांत ८ टक्के होता. तो कार्यक्रम बंद करण्यात आला. यावरून सर्वच उपचार व्यर्थ असे अनुमान निघत नाही. अँड्र्यूज, बोन्टा व होग यांनी १९९० मध्ये मांडलेले तत्त्व असे की, उपचाराची तीव्रता धोक्याच्या प्रमाणात असावी, त्याने गुन्ह्याशी निगडित गरजांनाच हात घालावा आणि त्याची पद्धती व्यक्तीच्या आकलनशक्तीस मानवणारी असावी. तीव्र व अनावर विकृत कामेच्छा असणाऱ्या काहींना वैद्यकीय देखरेखीखाली व संमतीने संप्रेरकरोधक औषधेही दिली जातात. सक्तीच्या औषधी खच्चीकरणाची सूचना मात्र न्या. वर्मा समितीने २०१३ मध्ये फेटाळली. अशा गुन्ह्यांत केवळ कामवासना नसून सत्ता गाजविण्याची वृत्तीही असते, आणि तिच्यावर औषध चालत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, देहदंडाच्या खटल्यांत आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन शिक्षेपूर्वी न्यायालयापुढे यावे असे सांगितले. ही जबाबदारी आपल्या विद्याशाखेवर येते. परदेशी श्रेणी कॅनडा व ब्रिटन येथील बंदिजनांच्या नोंदींवर बेतलेल्या आहेत; त्यांचे प्रमाणांक येथे जसेच्या तसे लावणे सदोष होय. येथील बंदिजनांचा सुटकेनंतर दीर्घकाळ पाठपुरावा करून आपले प्रमाणांक सिद्ध करावे लागतील. ते होईपर्यंत न्यायालयापुढे उभ्या राहणाऱ्या तज्ज्ञाने आपल्या मापनाच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. चुकीच्या मापनाने एकास अकारण कायमचे कोंडले जाईल, आणि ज्याच्यापासून खरा धोका आहे तो सुटून जाईल. दुसऱ्या चुकीची किंमत कोणा स्त्रीस वा बालकास मोजावी लागेल.