इंद्रधनुष्य : पाऊस समोर, ऊन पाठीशी

बालकवींच्या ‘श्रावणमास’ कवितेतले इंद्रधनुष्य दुहेरी आहे. शाळेत ती कविता पाठ करणाऱ्या अनेकांना हा शब्दांचा साज वाटतो. प्रत्यक्षात ते अचूक निरीक्षण आहे. मुख्य धनुष्याच्या वर, थोडे अंतर राखून, दुसरे फिकट धनुष्य अनेकदा उमटते आणि त्याचे रंग उलट क्रमाने येतात : तांबडा आतल्या कडेला, जांभळा बाहेर. इंद्रधनुष्याभोवतीच्या पुराणकथा, निषेध आणि झेंडे यांच्याकडेही याच नजरेने पाहावे असे मला वाटते. माणसांनी त्याला जे अर्थ दिले, त्यांतल्या कितीतरी अर्थांच्या मुळाशी त्याचा एखादा खराखुरा भौतिक गुण सापडतो.

थेंबात काय घडते

पावसाच्या थेंबात शिरताना सूर्यकिरण वाकतो. जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून रंग वेगळे होतात. थेंबाच्या मागच्या भिंतीवरून परावर्तित होऊन किरण पुन्हा वाकत बाहेर पडतो. बाहेर पडणारे किरण अनेक दिशांना जातात, पण त्यांची सर्वांत दाट गर्दी एका विशिष्ट कोनापाशी होते. सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेपासून मोजला, तर हा कोन तांबड्यासाठी सुमारे ४२ अंश आणि जांभळ्यासाठी सुमारे ४० अंश भरतो. त्या कोनावरचे सगळे थेंब मिळून वर्तुळ होते. त्याचा खालचा भाग जमीन अडवते, म्हणून आपल्याला कमान दिसते. विमानातून कधीकधी पूर्ण वर्तुळ पाहायला मिळते.

थेंबात दोनदा परावर्तन झाले, की सुमारे ५१ अंशांवर दुसरे धनुष्य उमटते. दोन धनुष्यांमधले आकाश काळपट दिसते. या पट्ट्याला त्याचे वर्णन करणाऱ्या प्राचीन ग्रीक भाष्यकार अलेक्झांडरचे नाव मिळाले आहे.

सूर्य ४२ अंशांहून वर असेल, तर सपाट जमिनीवरून मुख्य धनुष्य दिसतच नाही. पुण्यात ऑगस्टच्या उत्तरार्धात याचा अर्थ असा, की सकाळी साधारण सव्वानऊपर्यंत पश्चिमेला आणि दुपारी चारनंतर पूर्वेला शोध घ्यावा.

शोधाची वाट

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त इंद्रधनुष्याला स्वतंत्र अध्याय दिला. सूर्याचे नाना रंगांचे किरण वाऱ्याने विखुरले जाऊन ढगाळ आकाशात धनुष्याच्या आकारात दिसतात, असे त्याने नोंदवले. पुढे तो शकुनांकडे वळतो, पण धनुष्याचे मूळ त्याने सूर्यप्रकाशातच पाहिले, ही मोठी गोष्ट आहे.

तेराव्या शतकात रॉजर बेकनने ४२ अंशांचा कोन मोजला. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणमधला कमालुद्दीन अल्-फारिसी आणि जर्मनीतला थिओडोरिक, या एकमेकांची खबर नसलेल्या दोघांनी एकच युक्ती केली. पाण्याने भरलेला काचेचा गोल हा मोठा केलेला थेंब मानून त्यांनी प्रकाशाचा माग काढला. १६३७ मध्ये देकार्तने अनेक किरणांचे गणित मांडून ४२ अंशांपाशी होणारी गर्दी दाखवली. रंगांचा उलगडा न्यूटनने लोलकाच्या प्रयोगांतून केला. त्याचे ‘ऑप्टिक्स’ १७०४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य धनुष्याच्या आत कधीकधी दिसणाऱ्या बारीक गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचे कोडे मात्र प्रकाशाला लहर मानल्याशिवाय सुटेना. ते काम एकोणिसाव्या शतकात थॉमस यंगने केले.

महाराष्ट्राचा या कथेतला वाटा हरिश्चंद्रगडावर आहे. कोकणकड्याखाली धुके आणि पाठीशी सकाळचे ऊन असले, की धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. कर्नल साइक्सने अशा वर्तुळांचे वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात केले. गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते इंद्रधनुष्याहून खूप लहान असते आणि धुक्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे, प्रकाशाच्या लहरी गुणामुळे घडते.

अर्थांची मुळे

बायबलमध्ये महापुरानंतर देव नोहाला ढगातले धनुष्य दाखवतो : असा प्रलय पुन्हा होणार नाही, या वचनाची खूण म्हणून. धनुष्य दिसायला पाऊस समोर आणि ऊन पाठीशी लागते. म्हणजे पाहणाऱ्याच्या मागचे आभाळ तोवर फाकलेले असते. दिलाशाची खूण म्हणून याहून योग्य दृश्य कोणते?

नॉर्स पुराणात बायफ्रॉस्ट हा माणसांच्या आणि देवांच्या लोकांना जोडणारा पूल आहे. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी परंपरांत इंद्रधनुष्य-सर्प पाणवठ्यांचा स्वामी आहे. पुलाच्या कथेने कमानीचा आकार पकडला, सर्पाच्या कथेने पाण्याशी असलेले नाते.

मनुस्मृती सांगते, की आकाशात इंद्रधनुष्य दिसले तर शहाण्याने ते दुसऱ्याला दाखवू नये. त्याकडे बोट दाखवण्याची बंदी एकमेकांशी संबंध नसलेल्या कितीतरी समाजांत असल्याचे भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी दाखवून दिले. भौतिकशास्त्राच्या अंगाने पाहिले, तर तिथे बोट ठेवण्याजोगी जागाच नसते. प्रत्येक डोळ्याला वेगळ्या थेंबांचा प्रकाश मिळतो. शेजारी उभ्या असलेल्या दोघांची धनुष्ये वेगवेगळी असतात.

सात हा आकडा मात्र निसर्गाचा नव्हे. न्यूटनने आधी पाच रंग मानले होते. संगीताच्या सप्तकाशी मेळ घालत त्याने ते सात केले. आपल्या ‘तानापिहिनिपाजा’मध्ये आणि २०१४ मध्ये सात रोगांविरुद्ध सुरू झालेल्या ‘मिशन इंद्रधनुष’ या लसीकरण मोहिमेत तोच आकडा आहे. १९७८ मध्ये गिल्बर्ट बेकरने सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी समुदायासाठी झेंडा केला, तेव्हा त्यात आठ पट्टे होते. आज बहुधा सहा असतात. डेस्मंड टूटूंनी वर्णभेदमुक्त दक्षिण आफ्रिकेला ‘इंद्रधनुषी राष्ट्र’ म्हटले. आकडे बदलले तरी आशय टिकला, कारण खऱ्या धनुष्यात एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ती रेघ कुणालाच ओढता येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे, की मुलांना सात नावे पाठ करून घेण्यावर आपण थांबू नये. ऊन-पावसाच्या दिवशी त्यांना अंगणात न्यावे, सूर्याकडे पाठ करून उभे करावे, वरचे फिकट धनुष्य आणि मधला काळपट पट्टा शोधायला लावावा. बालकवींनी जे टिपले, ते त्या मुलांना मग कवितेच्या पानाबाहेरही ओळखता येईल.