न्यूनभावातून सहभागाकडे
व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (1870–1937) यांच्या मते उणेपणाची जाणीव, म्हणजे न्यूनभाव, बालपणापासून प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि तोच माणसाला धडपडायला लावतो. मात्र धडपड खुंटून उणीव हीच सबब बनली, की त्याचा न्यूनगंड होतो. त्यावरचा उतारा त्यांनी सामाजिक आस्थेत, म्हणजे इतरांशी जोडून घेऊन त्यांच्या उपयोगी पडण्याच्या वृत्तीत, पाहिला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी 1949 मध्ये स्थापलेल्या महारोगी सेवा समितीच्या आनंदवनात याचा पडताळा येतो: कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेलेली, गावाने बाहेर काढलेली माणसे तेथे शेती पिकवू लागली, हातमागावर कापड विणू लागली. औषधाने जंतू मरतात. गमावलेला स्वाभिमान मात्र आपली कुणाला तरी गरज आहे हे अनुभवल्यावरच परततो, म्हणून आनंदवनाकडे केवळ दयेने पाहणे अन्यायाचे आहे.