टपावरचं ओझं नेमकं कोण पेलतं?

गणपतीच्या आधीचा आठवडा आला की लालबाग, परळ, दादरच्या इमारतींखाली गाड्या भरायला सुरुवात होते. माणसं पाच, बॅगा सहा, त्यात मखराचे सुटे भाग, पूजेचं सामान आणि गावच्या घरासाठी घेतलेल्या वस्तू. डिकीतली निम्मी जागा सीएनजीच्या टाकीने आधीच घेतलेली असते. मग सगळ्यांच्या नजरा टपाकडे वळतात. एसयूव्हीच्या टपावर दोन्ही कडांना लांबलचक रेल असतात, त्यांत दोरी ओवली की काम झालं, असं वाटतं. पण आज विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांवरचे रेल फक्त दिसण्यापुरते असतात. कोणते रेल ओझं पेलतात आणि कोणते नाही, हे सामान चढवण्याआधी कळायलाच हवं. टपावरून सुटलेली बॅग मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

पद्मिनीची पन्हळ

टपावरचं सामान म्हटलं की मुंबईला काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवते. दादर किंवा मुंबई सेंट्रल स्टेशनबाहेर टॅक्सी थांबायची, ट्रंका आणि वळकट्या कॅरियरवर चढायच्या, दोरीचे दोन फेरे पडायचे आणि टॅक्सी निघायची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीसाठी ठरलेली २० वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली.

पद्मिनीच्या कॅरियरचे पाय टपाच्या कडेने गेलेल्या पन्हळीत बसवून आवळलेले असत. पावसाचं पाणी दारावर ओघळू नये म्हणून ही पन्हळ असे. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांना वेल्ड केलेला असतो, नेमकी ती ही जागा. पत्र्याचे थर एकत्र आल्यामुळे टपाची ही सर्वांत भक्कम कड असते. कॅरियरवरचं वजन या कडेतून दारांमधल्या खांबांमध्ये आणि तिथून खाली चाकांपर्यंत उतरायचं. टपाच्या मधल्या पातळ पत्र्याला त्याची झळ लागत नसे.

पुढे वाऱ्याचा आवाज कमी व्हावा आणि गाडी गुळगुळीत दिसावी म्हणून ही उघडी पन्हळ बहुतेक गाड्यांवरून गेली. आता तो जोड टपातल्या एका खाचेत दडलेला असतो आणि त्यावर काळी पट्टी बसवलेली असते. मारुतीच्या जिमनीसारख्या मोजक्या गाड्यांना अजून पन्हळ आहे. बाकीच्यांवर कॅरियर कशाच्या आधाराने बसवायचा, हा प्रश्न उरतो. रेल हे त्याचं उत्तर आहे, पण ते खरे असतील तरच.

खरे रेल, शोभेचे रेल

ओझं पेलणारे रेल टपाच्या कडेखालच्या मजबूत सांगाड्यात बोल्टने बसवलेले असतात. काही टपापासून उंच असतात आणि त्यांच्याखालून हात जातो, तर काही टपाला चिकटून गेलेले असतात. दोन्ही प्रकार चांगले, फक्त त्यांना लागणारे क्लॅम्प वेगळे. शोभेचे रेल मात्र दुहेरी चिकटपट्टीने किंवा प्लास्टिकच्या क्लिपांनी बसवलेले असतात. लांबून पाहिलं तर फरक कळत नाही. हाताने ओढून पाहण्याची परीक्षाही फसवी, कारण उभ्या गाडीवर चिकटपट्टी हाताच्या ओढीला दाद देत नाही. भर उन्हात तापलेल्या टपावर, घाटाच्या वळणात तीच सुटू शकते.

खात्री करण्याची जागा एकच: गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका. टपावर जास्तीत जास्त किती भार चालेल, हे तिच्यात बहुधा किलोत दिलेलं असतं. अनेक एसयूव्हींसाठी हा आकडा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो. रेलवर सामान ठेवू नये, असं काही पुस्तिकांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. एकाच मॉडेलच्या वरच्या आणि खालच्या व्हेरियंटमध्येही फरक असू शकतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

रेल खरे असले तरी सामान थेट त्यांच्यावर किंवा टपावर ठेवायचं नसतं. दोन रेलच्या मध्ये आडवे बार लागतात. टपाच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरही नसते, त्यामुळे सामान सरळ त्यावर ठेवलं की पत्रा पोचतो. आडव्या बारांमुळे वजन पत्र्याला न शिवता कडांकडे जातं.

७५ किलो म्हणजे ७५ किलोंचं सामान नव्हे

समजा पुस्तिकेत ७५ किलो लिहिलंय. त्यातून आडव्या बारांचे ५-६ किलो वजा करा, वरच्या बंद पेटीचे १५-२० किलो वजा करा. सामानासाठी उरतात ५० किलो. शिवाय रेलची, बारची आणि पेटीची प्रत्येकाची स्वतःची मर्यादा असते. त्यातला सर्वांत लहान आकडा तोच आपला आकडा. दुकानात ‘हा बार १०० किलो घेतो’ असं सांगतात. ते बारापुरतं खरंही असेल, पण त्यामुळे टपाची ताकद वाढत नाही.

पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीचा असतो. उभ्या गाडीचा टप कितीतरी जास्त वजन सहज पेलतो. खरी परीक्षा होते ब्रेक दाबल्यावर. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर टपावरच्या ५० किलोंना पुढे ढकलणारा जोर साधारण ४० किलोंच्या वजनाइतका असतो. खड्ड्यातून जाताना तेच सामान वरखाली आपटतं. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ताशी ४० वरून ८० वर गेलात की रेटा चौपट. सपाट प्लायवूड किंवा थर्माकोलचा मोठा पत्रा पुढच्या बाजूने किंचित जरी वर उचलला गेला, तरी वारा त्याखाली शिरून त्याला उपसतो. मखर नेताना ही गोष्ट विसरू नये.

वजन उंचावर गेलं की गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. दादर-परळच्या सिग्नलांवर ते जाणवत नाही, पण कोकणातल्या घाटाच्या वळणात गाडी बाहेरच्या बाजूला जास्त कलते. म्हणून तांदळाचं पोतं, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन अशा जड वस्तू आत, खाली, सीटला टेकवून ठेवाव्यात. टपावर जावेत कपडे, अंथरुणं, तंबू, स्लीपिंग बॅग, मखराचे हलके भाग. परतताना नारळांची पोती वर टाकण्याचा मोह होतो, तोही टाळायला हवा.

भोक पाडण्याआधी

गाडीला रेल नसतील तर बसवून घेता येतात. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारापासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत ॲक्सेसरीची दुकानं आहेत. पण आपल्या टपाच्या काळ्या पट्टीखाली कंपनीने आधीच आटे पाडलेल्या जागा दिल्या आहेत का, हे आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं. त्या असतील तर कंपनीचे रेल भोक न पाडता बसतात. त्या नसतील तर दाराच्या वरच्या कडेला पकडणाऱ्या क्लॅम्पचे आडवे बार मिळतात. ते मात्र आपल्याच मॉडेलसाठी बनवलेले हवेत.

टपाला ड्रिलने भोक पाडणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. कर्टन एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती दारांच्या वर, टपाच्या कडेलाच, आतल्या अस्तरामागे गुंडाळलेली असते. ड्रिल तिथे घुसलं तर अपघातात ती नीट उघडेल याची खात्री उरत नाही. दुसरा शत्रू गंज. मुंबईची खारी हवा आणि पाऊस यांना रंगाखालचा उघडा पत्रा सापडला की गंज आतून पसरतो. आधी छताच्या अस्तरावर डाग दिसतो, मग पाणी टपकायला लागतं. ॲल्युमिनियमचा रेल आणि लोखंडी पत्रा ओलाव्यात थेट एकमेकांना लागले तरी झीज वाढते, म्हणून मध्ये रबराची गादी हवीच.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. म्हणून कंपनीने मान्य केलेली ॲक्सेसरी घ्यावी, बिल जपावं आणि विमा कंपनीला कळवावं. सामान गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे-मागे किंवा ठरलेल्या उंचीपलीकडे गेलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १९४ (१-अ) मध्ये २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

उंचीचं गणितही घरीच करून ठेवावं. छोटी एसयूव्ही साधारण १.६ मीटर उंच असते, बार आणि पेटी धरून ती दोन मीटरच्या वर जाते. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतल्या यांत्रिक पार्किंगमध्ये ती मावेलच असं नाही. सनरूफ असेल तर उघडताना ते पुढच्या बाराला अडतं का, तेही पाहावं.

बांधणं

सुतळी आणि नायलॉनची दोरी ताणली जाते आणि सैल पडते. त्याऐवजी बकल किंवा रॅचेटचे पट्टे वापरावेत आणि ते आडव्या बारांभोवती आवळावेत. ताडपत्रीची सुटी टोकं आत दुमडावीत. वजन दोन्ही बारांवर सारखं विभागावं. निघाल्यावर पहिल्या तासाभरात एकदा थांबून पट्टे आणि बोल्ट दोन्ही तपासावेत, कारण पहिल्या धक्क्यांत सामान बसतं आणि पट्टा ढिला होतो. गावाहून परतल्यावर बार काढून ठेवले तर इंधनही वाचतं.

या सगळ्याची सुरुवात पुस्तिकेतल्या एका आकड्यापासून होते. तो शोधायला पाच मिनिटं लागतात. पुस्तिकेत आकडाच नसेल किंवा ‘भार ठेवू नये’ असं लिहिलेलं असेल, तर त्या टपावर काहीही चढवू नये. जास्तीचं सामान एसटीच्या पार्सलने किंवा गावाकडे निघालेल्या टेम्पोने आधी पाठवावं. चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. त्या रस्त्यावर आपल्या मागे दुसरंही कुणीतरी गावी निघालेलं असतं, आणि त्यालाही सुखरूप पोहोचायचं असतं.