सेल्फ घेत नाही म्हणजे बॅटरी गेली?

जानेवारीच्या पहाटे नेप्तीच्या कांदा बाजाराकडे निघालेली बारा-पंधरा वर्षांची पिकअप ‘घर्र… घर्र…’ करून गप्प झाली, की भोवती जमलेल्या चौघांपैकी तिघांचं निदान तयार असतं : बॅटरी गेली. चौथा म्हणतो, ‘धक्का मारा.’ दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते, काही हजारांना चाट बसते, गाडी झटक्यात सुरू होते आणि तिघांचीही मान ताठ होते. महिना-दोन महिन्यांत तीच गाडी, तीच घरघर. आता दोष ‘डुप्लिकेट बॅटरी’चा. वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था ज्या शहराला लागून आहे, त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात शे-दोनशेचा मल्टिमीटर न लावता बॅटऱ्या बदलल्या जातात. याचं आश्चर्य वाटणं आता बंद झालं आहे. राग मात्र येतो.

बॅटरी मरत नाही, असं कोणीच म्हणत नाही. मरते, आणि आपल्याकडे तिला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त मारतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, बॉनेटखाली त्याहून वर. त्या उष्णतेत पाणी उडतं, आतल्या प्लेटांची झीज वेगाने होते. थंडीत फक्त बिंग फुटतं. पण ‘सेल्फ मंद फिरला’ यावरून ‘बॅटरी संपली’ या निष्कर्षावर उडी मारण्याआधी मध्ये काय काय असतं, ते एकदा पाहू.

अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाला फिरवताना सेल्फ 200-300 अँपिअर वीज ओढतो. एवढ्या प्रवाहाला वाटेतला किरकोळ अडथळाही महागात पडतो. शाळेतला ओहमचा नियम आठवा. अडथळा एका ओहमचा शंभरावा भाग धरा आणि प्रवाह 200 अँपिअर, तर वाटेतच 2 व्होल्ट गळाले. हेडलाइटला जेमतेम 10 अँपिअर लागतात, म्हणून त्याच वायरीवरून दिवे लख्ख लागतात. ‘लाइट तर फुल आहे, मग वायरिंगमध्ये काय प्रॉब्लेम असणार?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. विहीर तुडुंब असली तरी पाईप गाळाने अर्धा बुजला असेल तर घागर भरेल, शेत भिजणार नाही.

आणि डिझेलला मंद फिरणं अजिबात चालत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी देणारा प्लग असतो. डिझेलमध्ये पिस्टनने हवा इतकी दाबायची, की ती तापून फवारलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. पिस्टन सावकाश वर आला तर तीच हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि तिची उष्णता थंड सिलिंडर पिऊन टाकतो. इंजिन फिरताना दिसतं, पण पेट घ्यायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. जुन्या इंजिनाच्या रिंगा आधीच झिजलेल्या, त्यात पहाटेचं घट्ट ऑइल. दोन व्होल्टची गळती नव्या इंजिनाने कदाचित सोसली असती, जुनं सोसत नाही.

गळती होते कुठे? पहिली जागा सगळ्यांना दिसते : टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा. वरून गरम पाणी ओतलं, ब्रश मारला, झालं, असं समजतात. खरी घाण टर्मिनलचा क्लॅम्प आणि बॅटरीचा शिशाचा खुंट यांच्या मध्ये, काळपट थराच्या रूपात असते. क्लॅम्प काढून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत केल्याशिवाय ती जात नाही.

दुसरी जागा जवळजवळ कोणीच पाहत नाही : अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक जाड वायर चासीला जाते, आणि चासीवरून इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला तांब्याची विणलेली पट्टी. पिकअपमध्ये आज युरियाची पोती, उद्या शेणखत, परवा ओला कांदा. खताची भुकटी, चिखल आणि धुण्याचं पाणी खाली झिरपतं. नट सोडून पाहिलं तर लगखाली चासीवर तांबूस गंजाचा गोल ठसा आणि त्याच्या कडेला कधीतरी मारलेला काळा रंग. रंगातून वीज जात नाही, हे रंगाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. पट्टीच्या निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या, उरलेल्या निम्म्यांवर सगळा भार. सेल्फ मारल्यावर ती पट्टी हाताला गरम लागली, तर वेगळा पुरावा शोधायची गरज नाही.

नाहीतर मीटर लावा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बंद करण्याची केबल असलेल्या जुन्या गाडीत ती ओढून धरलेली, म्हणजे इंजिन पेट घेणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटावर), दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2-0.3 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला तर बॅटरीच्या दुकानाकडे वळू नका, पान्याकडे वळा. तसंच पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्म्यावर, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी म्हणजे खराब नव्हे. आधी चार्ज करा, मग निकाल द्या. भरलेल्या बॅटरीचा निकाल भारावर लागतो. अमेरिकेतल्या बॅटरी कौन्सिल इंटरनॅशनलच्या पद्धतीत ठरावीक भार 15 सेकंद दिल्यावर व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी नापास. हे लोड टेस्टरचं काम आहे, बॅटरीच्या बऱ्याच दुकानांत तो असतो. मागावा लागतो, एवढंच.

मग नवी बॅटरी बसवल्यावर गाडी सुरू कशी होते? या एका प्रश्नावर सगळा गैरसमज उभा आहे. उत्तर सोपं आहे : नवी बॅटरी बसवताना कारागीर जुने क्लॅम्प काढतो, घासतो, नीट आवळतो. अर्धी दुरुस्ती तिथेच होते, श्रेय बॅटरीला जातं. शिवाय नव्या बॅटरीचा जोर जास्त असल्याने अर्थची गळती काही आठवडे झाकली जाते. जुनी बॅटरी मात्र पाचशे-हजारात ‘बायबॅक’ला जाते, आणि कधीकधी चार्ज होऊन दुसऱ्याच्या गाडीत मजेत चालते.

बॅटरी खरंच वारंवार उतरत असेल तर ती भरते का, हेही पाहावं लागतं. इंजिन चालू असताना तिच्यावर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. 12 आणि काहीच दिसलं तर अल्टरनेटरचा पट्टा ढिला किंवा आतले कार्बन झिजलेले. आणि गाडी बंद असताना वीज कोण खातं? आपल्या पिकअपना टेप, अँप, केबिनवर रंगीत एलईडीची रांग यांची हौस फार. ही जोडणी बऱ्याचदा चावीला वगळून थेट बॅटरीवरून. 1 अँपिअर जरी झिरपला तरी दिवसाला 24 अँपिअर-तास जातात. 80 ची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याखाली.

आता दुसरी तऱ्हा. सेल्फ जोरात फिरतो, इंजिनही गरागरा फिरतं, पण पकडत नाही. इथे तरी बॅटरीचं नाव काढू नका! सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये : हीटर प्लग, नॉझल, कॉम्प्रेशन या दिशेला जा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही, आणि जुन्या गाडीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे लाइनने हवा धरली. ‘पण थेंबही गळत नाही’, हे उत्तर ठरलेलं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथल्या रबरी पाईपच्या चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं, सकाळी अर्धा मिनिट सेल्फ मारावा लागतो आणि दुपारी गाडी गुणी बाळ. फिल्टरजवळ पारदर्शक पाईपचा तुकडा लावून बुडबुडे पाहा. वॉशर, पाईप, फिल्टरचं रबर बदला. हँड पंपाने हवा काढा. खर्च शंभराच्या घरात.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत, पण तितकेच चिवट.

‘थंडीत डिझेल गोठतं.’ भारतीय मानक आयएस 1460 नुसार हिवाळ्यातलं डिझेल 3 अंशांपर्यंत वाहतं राहिलंच पाहिजे आणि 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे. एवढा पारा नगरला एखाद-दुसऱ्या पहाटेच उतरतो. गोठण्याची खरी अडचण लडाखची, तिथल्यासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल काढलं.

‘थोडं रॉकेल टाका.’ पंप आणि नॉझलला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेल ते काढून घेतं.

‘एअर फिल्टरशी पेट्रोलचा बोळा धरा, नाहीतर स्प्रे मारा.’ हीटर प्लग तापलेले असताना ही वाफ वेळेआधी भडकते. रिंगा आणि पिस्टन तुटतात, कधी हातही भाजतो.

‘बॅटरीत थोडं ॲसिड घाला, तरतरी येते.’ उडतं ते पाणी, म्हणून घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर. वरून ॲसिड घातलं तर प्लेटा लवकर खलास.

‘बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते.’ जुन्या लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळातली गोष्ट. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही.

‘काही झालं तरी धक्का आहेच.’ केबलवर बंद होणाऱ्या जुन्या पंपाच्या गाडीला आहे. कॉमन रेलच्या गाडीत कॉम्प्युटरला वीज नसेल तर अख्खं गाव लावलंत तरी इंजेक्टर उघडणार नाही.

‘लागेपर्यंत सेल्फ सोडू नका.’ दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा. नाहीतर बॅटरीसोबत सेल्फही जळेल.

तेव्हा दुकानदाराने नवी बॅटरी पुढे केली, की पाकीट काढण्याआधी दोन गोष्टी मागा : जुनीची लोड टेस्ट, आणि सेल्फ मारताना अर्थवरचा व्होल्टचा आकडा. ‘त्याची काही गरज नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान गाठा.