झाडाचे वजन येते कुठून?

एका एकरातून तीस-चाळीस टन ऊस तोडून साखर कारखान्याकडे नेला जातो आणि मागे राहिलेल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा पुढच्या वर्षी पुन्हा भरघोस ऊस देतो. तरीही त्या शेताची जमीन वीतभरसुद्धा खाली जात नाही. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते हे खरे, पण पाणी वजा केल्यावर जी साखर आणि जो चोथा उरतो, तो मातीतून आला नसेल तर आला कुठून, हा प्रश्न उरतोच.

सतराव्या शतकात बेल्जियममधील वैद्य यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट याने या प्रश्नाचे उत्तर तराजूने शोधले. सुमारे ९१ किलो कोरडी माती कुंडीत भरून त्याने तीत सव्वादोन किलोंचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. शेवटी झाड सुमारे ७७ किलोंचे झाले, तर मातीचे वजन अवघे ५७ ग्रॅम घटले होते. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो अर्धाच बरोबर होता. गंमत अशी की, जळत्या कोळशातून बाहेर पडणाऱ्या वायूचा, म्हणजे आज ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्याचा, अभ्यास याच माणसाने केला होता. परंतु लाकूड जळताना जो वायू हवेत जातो, त्याच वायूपासून लाकूड तयार होत असेल, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

हवेच्या दर दहा हजार भागांत या वायूचे जेमतेम चार भाग असतात. पानांवर, विशेषतः त्यांच्या खालच्या बाजूस, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवा आत शिरते, मुळांनी शोषलेले पाणी शिरांमधून पानात पोहोचते आणि पेशींमधील हरितलवक नावाच्या सूक्ष्म कणांत या दोहोंपासून साखर तयार होते. हरितलवकात हरितद्रव्य असते, जे सूर्यप्रकाशातील तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते आणि हिरवा त्या मानाने कमी, म्हणून पान हिरवे दिसते. शोषलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेने अन्न तयार करण्याच्या या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. कुंडीतून नाहीसे झालेले ५७ ग्रॅमही क्षुल्लक नव्हते, कारण हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि तो मातीतूनच मिळतो.

या क्रियेत ऑक्सिजन बाहेर पडतो. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांतून त्याचे बुडबुडे केवळ उजेडातच निघतात, अंधारात नाही, हे यान इंगेनहाउस याने १७७९ मध्ये दाखवले. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो अशी समजूत पुढे दीर्घकाळ होती आणि ती स्वाभाविकही होती. मात्र १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीपेक्षा जड ऑक्सिजन असलेले पाणी शैवालाला दिले, तेव्हा बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन आढळला. म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेने फुटतो तो पाण्याचा रेणू, आणि प्राणी श्वासात घेतात तो ऑक्सिजन त्या पाण्यातला असतो.

तयार झालेली साखर झाड अनेक प्रकारे वापरते: काही स्वतःच्या श्वसनासाठी खर्च होते, काहीपासून लाकडातील सेल्युलोज बनते, बटाट्यात ती पिष्टमय पदार्थाच्या रूपात साठते, तर उसाच्या कांड्यांत साखर म्हणूनच राहते.

हवेतील कार्बन पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, करते. पण ते स्वतः मंद आहे आणि शिवाय चुकतेही, कारण कधीकधी ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडते. कडक उन्हात पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटली की पानातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चुका वाढतात आणि गहू किंवा भात यांनी कमावलेल्या कार्बनचा बराच भाग वाया जातो. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी यावर तोड काढली आहे. हा वायू आधी दुसऱ्याच, न चुकणाऱ्या विकराकडून पकडून चार कार्बन अणूंच्या आम्लाच्या रूपात शिरांभोवतीच्या पेशींकडे पाठवला जातो व तेथे पुन्हा मोकळा केला जातो, त्यामुळे तेथील रुबिस्कोभोवती त्याची इतकी दाटी होते की ऑक्सिजनला फारशी संधीच मिळत नाही. १९६६ मध्ये मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ब्रिस्बेनमधील एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत ही पद्धत उलगडली, तीही उसाच्याच पानांत. या जादा फेऱ्याला ऊर्जाही जादा लागते, त्यामुळे भरपूर ऊन आणि उष्णता असेल तेथे तो परवडतो. थंड, ढगाळ हवेत मात्र गव्हाची साधी पद्धतच स्वस्त पडते.